इंग्रजीच्या तासाला प्रॉम्प्टर

आमच्या वर्गाच्या ब्लॉगवर आलेल्या पहिल्या बावीस व्हिडिओंमध्ये एक गोष्ट समान होती. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. आधी हळू, घोगऱ्या पुरुषी आवाजात. मग जोरात, ज्या त्या विद्यार्थ्याच्या आवाजात. मी आधी यंत्राला दोष दिला. हेडफोन बदलले, संगणक बदलला, शेवटी घरी येऊन बायकोच्या मोबाइलवर लावून पाहिलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "यंत्र ठीक आहे. मागं कोणीतरी माणूस आहे. आणि त्याला सर्दी झाली आहे."

मी गणिताचा शिक्षक. आमगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. इंग्रजी माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगतो, नाहीतर वाचकांचा हिशेब जुळणार नाही. आमचे इंग्रजीचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "संगणक खोली तुमच्याकडे आहे. संगणकात सगळं इंग्रजी असतं. म्हणजे इंग्रजीही तुमच्याकडे." या सिद्धतेत एक पायरी गळलेली आहे हे मला दिसत होतं. पण मी ती दाखवेपर्यंत प्राचार्य पुढच्या कागदावर सही करत होते.

मग मला गोंदियाला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता संगणकाच्या मदतीने भाषा शिकवणे. पुस्तिका इंग्रजीत, भाषणं हिंदीत आणि चहाच्या वेळची टीका मराठीत. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की वर्गाचा एक ब्लॉग काढा, त्यावर मुलांना फोटो, आवाज आणि व्हिडिओ टाकू द्या. बाकीच्यांना झोप येत होती. मला मात्र त्यात गणित दिसलं.

ते असं. आमचा तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, फळा पुसणे आणि 'गप्प बसा' यांत दहा मिनिटं जातात. वर्गात अठ्ठेचाळीस पोरं. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला इंग्रजी बोलायला अर्धं मिनिट येतं, तेही बाकी सत्तेचाळीस जण हसायला तयार बसलेले असताना. एवढ्यात कोणी सायकलसुद्धा शिकणार नाही. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची एक भिंत समजा. पोरानं घरी बसून बोलावं, आपलंच ऐकावं, आवडलं नाही तर पुसावं, पुन्हा बोलावं, आणि मनासारखं झालं की भिंतीवर चिकटवावं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं खाली आपलं मत लिहावं. कोणाला हसायचं असेल तर तो आपल्या घरी हसेल.

मी नियम केले. एक फोटो, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, कमीत कमी पाच वाक्यं, आणि दुसऱ्या दोघांच्या व्हिडिओखाली इंग्रजीत एक-एक शेरा.

शेऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्या महिन्यात आलेल्या शेऱ्यांपैकी बहुतेक सगळे 'नाइस' होते. उरलेले गुलाबाचे फूल. मग एका पोरानं 'माय बफेलो' नावाचा व्हिडिओ टाकला. त्याच्याखाली कोणाच्या तरी मामानं दवनीवाड्याहून विचारलं, "म्हैस कितव्या वेताची?" पोराच्या वडिलांनी उत्तर दिलं. मामानं दुधाचं विचारलं. वडिलांनी सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हैस दवनीवाड्याला गेली. इंग्रजी शिकण्यासाठी उभारलेल्या आमच्या भिंतीवर झालेला हा पहिला सलग संवाद. तो पूर्ण मराठीत होता आणि तितका यशस्वी संवाद त्यानंतरही फारसा झालेला नाही.

तर तो आवाज. आवाजाबरोबर आणखी एक गोष्ट मला खटकत होती. पोरं बोलताना हात वर करत होती. साधं वाक्य असायचं, "माय व्हिलेज हॅज वन पोस्ट ऑफिस." पण म्हणताना एक पाय पुढे, छाती वर, नजर आभाळात, आणि 'ऑफिस'वर असा काही आवाज लावायचा, की शत्रूनं ते पोस्ट ऑफिस वेढलं आहे असं वाटावं.

मी छायाला विचारलं. छाया बारावीत होती. वडील मन्साराम गवंडीकाम करणारे, घर शाळेपासून दोन गावं पलीकडे. वर्गात तोंड उघडत नसे, पण तिचे व्हिडिओ वेळेवर यायचे.

"छाया, तुझ्या मागं कोण बोलतं?"

"कोणी नाही, सर."

"मी ऐकलं ना."

"ते होय? ते तर सुकरामकाका." तिला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "ते असतेच ना, सर. प्रॉम्प्टर नसला तर बोलाव कसं?"

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळी झाली की इकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतं. नाटक कंपनीचा नट आज या गावात राजा, उद्या त्या गावात डॉक्टर. संवाद पाठ करायला त्याला वेळ कुठला? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि अख्खं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. पुढच्या चार रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्या पोरांनी नाटक म्हणून जे पाहिलं ते असं. माइक, कॅमेरा आणि पाठ न झालेली वाक्यं समोर आल्यावर ती सरळ अशाच नाटकांचे प्रॉम्प्टर असलेल्या सुकरामभाऊंकडे गेली. त्यांच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

मी छायाच्या गावी गेलो. सुकरामभाऊंच्या अंगणात एक पोरगा मोबाइलसमोर उभा होता. त्याच्या मागे दोरीवर लुगडं टाकलं होतं आणि लुगड्यामागे स्टुलावर सुकरामभाऊ, हातात कागद. कागदावर देवनागरीत इंग्रजी.

"सुकरामभाऊ, हे काय चाललं आहे?"

"रेकॉर्डिंग होऊन राहिली, सर. जरा बाजूले व्हा, फ्रेममधी येऊन राहिले तुमी."

मी बाजूला झालो. पोरगा गेल्यावर विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नाही."

"मग सांगता कसं?"

"मले राज्य कुठं करता येते? तरी राजाले सांगतोच ना तीस वर्षांपासून."

"पण पोरांनी स्वतः बोलायचं आहे."

"मंग मी कुठं बोलून राहिलो? मी सांगतो. बोलते तर तेच."

"आणि ते हात वर करणं?"

"वाक्य मोठं असलं का हात. बारकं असलं का नुसती मान. नाही तर मागचे लोक काय पाहतीन?"

मागे लोक नव्हते, एक गाय होती. पण मी वाद वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं की यापुढे प्रॉम्प्टर बंद. तोवर आठवड्याला बावीस व्हिडिओ येत होते, पुढच्या आठवड्यात आकडा तीनवर आला. तीनपैकी एकात फक्त कोंबडा होता.

गणित शिकवणाऱ्यानं आकड्यांपुढे हट्ट करू नये. मी पुन्हा सुकरामभाऊंकडे गेलो आणि तह केला. एकाच विषयाचे तीन व्हिडिओ. पहिल्यात भाऊंनी पूर्ण वाक्य सांगायचं. दुसऱ्यात वाक्याचा पहिला शब्द. तिसऱ्यात काहीच नाही. तिन्ही व्हिडिओ ब्लॉगवर टाकायचे, म्हणजे प्रगती मोजता येईल.

भाऊंनी विचार केला. "तिसऱ्यात मी कायले पाहिजे मंग?"

"नकाच येऊ."

"असं कसं? पोट्टे घाबरतीन."

ते येत राहिले. आकडा हळूहळू चढला. हात वर जाणं थांबलं नाही, पण आवाज एकच येऊ लागला. छायाचा तिसरा व्हिडिओ मी तर चार-पाच वेळा लावला. 'माय फादर बिल्ड्स हाउसेस' असा विषय होता. तिनं कागदावर नव्हतं ते एक वाक्य मधेच घातलं होतं: बाप लोकांची पक्की घरं बांधतो आणि आमचं अजून कवेलूच्या छपराचं आहे. म्हणताना ती हसली होती. ब्लॉग काढून भाषा येते का, असं मला प्रशिक्षणातले सहकारी नंतर विचारायचे. मी सांगायचो, बहुतेकांना धीर येतो, काहींना भाषा येते, आणि एकाची म्हैस विकली जाते.

त्याच सुमारास छायाने एक अर्ज भरला. हैदराबादकडच्या एका संस्थेचा हॉटेलच्या स्वागतकक्षाचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. राहणं-जेवण संस्थेचं, वर विद्यावेतन. निवड ऑनलाइन मुलाखतीतून, मुलाखत इंग्रजीत. मन्सारामचं म्हणणं सरळ होतं. तो मला शाळेच्या फाटकात म्हणाला, "एक डाव पाहू, सर. नाही जमलं तर गोंदियाले साडीच्या दुकानात जागा हाये, ओळखीची. तिथं हिंदीत भागते." तो पोरीच्या आड येणारा माणूस नव्हता. पण दुकानदाराला फार दिवस थांबवून ठेवता येणार नव्हतं आणि दुसरा डाव नव्हता, हे छायालाही माहीत होतं.

अर्जात एक रकाना होता: तुमचं इंग्रजी काम कुठे पाहायला मिळेल? छायाने आमच्या ब्लॉगचा पत्ता टाकून दिला होता. मला हे कळलं तेव्हा अर्ज गेलेला होता.

मी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. मुलाखत घेणाऱ्याच्या कानांनी ऐकले. छायाच्या निम्म्याहून जास्त व्हिडिओंत सुकरामभाऊ स्पष्ट होते. एकात तर ते आधी खोकतात आणि मग 'आय अॅम अ स्टुडंट' म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही सरळ कॉपी वाटणार. प्राचार्य म्हणाले, "पुसून टाका." मी म्हटलं, पुसलं तर लबाडी, ठेवलं तर नुकसान. त्यांनी विचारलं, "मग तुमचं उत्तर काय?" गणितात अशा वेळी 'माहिती अपुरी' असं लिहून मोकळं होता येतं. इथे ती सोय नव्हती. मी छायालाच विचारलं.

ती म्हणाली, "पयला पुसला तर तिसरा कोणापेक्षा चांगला झाला, ते कसं समजन, सर?"

मी पुसलं नाही. मात्र त्यानंतरचे दिवस बायकोच्या मते मी जेवताना वरणावर दूध ओतण्याइतका हरवलेला होतो.

मुलाखत आमच्या संगणक खोलीतून होणार होती, कारण छायाच्या गावात रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर. मी सगळी तयारी केली. इन्व्हर्टर तपासला, पंखा बंद केला, शिपायाला सांगून घंटा थांबवली. छाया आली. तिच्या मागे सुकरामभाऊ आले. धुतलेला शर्ट, हातात कागद.

"भाऊ, तुम्ही आत येऊ नका."

"येत नाही. खिडकीच्या भाईर उभा राहतो."

"बाहेरूनही काही सांगायचं नाही. मी मधे बसलेला असेन."

"बोलत नाही, बाप्पा. नुसता दिसन." मला समजत नाही असं पाहून त्यांनी समजावलं, "नटाले प्रॉम्प्टर दिसला पाहिजे, सर. नाही दिसला तर त्याचे पाय कापते. ऐकू नाही आला तरी चालते."

मी नियमावली वाचली होती. खोलीत उमेदवाराशिवाय कोणी बोलू नये एवढंच होतं. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली कोण उभं असावं याबद्दल काही नव्हतं. मी होकार दिला.

पडद्यावर दोघं होते. बोलत होत्या त्या मॅडम. बाजूचे साहेब लिहून घेत होते. पहिले प्रश्न नेहमीचे आले. नाव, गाव, हे काम का करायचं आहे. छायाने उत्तरं दिली. हात दोनदा वर जायला निघाला, तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मी मनातल्या मनात गुण देत होतो आणि गुण चांगले होते.

मग मॅडम म्हणाल्या की आम्ही तुमचा ब्लॉग पाहिला. तुमच्या आधी एक पुरुष बोलतो. तो कोण?

छायाने खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. सुकरामभाऊंना प्रश्न समजला नव्हता, पण गाडी थांबली आहे हे समजलं होतं. त्यांनी कागद वरून खालपर्यंत पाहिला. उलटा करून मागची बाजू पाहिली. मग दोन्ही हात पसरले. कागदावर हे नव्हतं.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. मला वाटलं, संपलं. आता साडीचं दुकान.

छाया बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज आधी अगदी बारीक होता. "मॅडम, ही इज सुकरामकाका. इन अवर प्लेस, ड्रामा. व्हेरी बिग ड्रामा. अॅक्टर, टुडे दिस व्हिलेज, टुमारो दॅट व्हिलेज. नो टाइम फॉर लर्निंग. सो ही सिट्स बिहाइंड अँड टेल्स. एव्हरी लाइन. आय वॉज अफ्रेड ऑफ इंग्लिश. ही टोल्ड, आय स्पोक. फर्स्ट, ही टोल्ड फुल. देन, ओन्ली वन वर्ड." ती थांबली आणि खिडकीकडे बोट केलं. "नाउ ही इज आउटसाइड."

मी व्याकरण मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या तरी वाक्यांतल्या चुका मोजायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

मॅडम पुढे झुकल्या. त्यांना भेटता येईल का, असं त्यांनी विचारलं. छायाने हाक मारली. सुकरामभाऊ चप्पल बाहेर काढून आत आले, संगणकासमोर उभे राहिले, आणि पडद्यावर स्वतःचंच तोंड पाहून दचकले. तीस वर्षं विंगेत बसलेला माणूस. त्याच्याकडे एवढ्या वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. मॅडमनी नमस्कार केला आणि काहीतरी बोला म्हणाल्या. भाऊंचे ओठ हलले. आवाज आला नाही. इतक्या नटांना ज्यांनी तारून नेलं त्यांना स्वतःचं एक वाक्य सापडेना.

तेव्हा छाया त्यांच्या मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम."

भाऊंचा हात वर गेला. "गुड मॉर्निंग, मॅडम." खिडकीची तावदानं थरथरली.

"आय अॅम सुकराम."

"आय अॅम सुकराम."

"आय सिट बिहाइंड द कर्टन."

तेही झालं, एक पाय पुढे टाकून. मग छायानं, माझ्याकडे न पाहता, सांगितलं, "दिस गर्ल इज व्हेरी गुड. प्लीज टेक हर."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. तोवर भाऊंनी ते वाक्य राजाच्या आवाजात, दोन्ही हात पसरून, अख्ख्या हैदराबादला ऐकवलं होतं. पडद्यावरच्या साहेबांनी तोंडासमोर फाइल धरली. मॅडमनी फाइल वगैरे काही धरली नाही, त्या मोकळेपणी हसल्या आणि आवाज बंद करायलाही विसरल्या.

संपर्क तुटल्यावर भाऊंनी विचारलं, "काय म्हणलो बावा मी शेवटी?"

"पोरगी चांगली हाये, घेऊन टाका, असं म्हणले तुमी," छाया म्हणाली.

भाऊंनी थोडा विचार केला. "बरोबर म्हणलो मंग."

छायाचं नाव यादीत आलं. पण त्यानं प्रश्न सुटला नाही, कारण मुलाखतीची गोष्ट तोवर गावभर झाली होती आणि फिरत फिरत मन्सारामपर्यंत अशी पोहोचली होती की इंग्रजी सुकराम बोलला आणि जागा छायाला मिळाली. तो कामावरूनच शाळेत आला, पायांवर सिमेंट तसंच. छाया त्याच्या मागे, आणि सुकरामभाऊ आधीच माझ्याकडे बसलेले. ब्लॉगवर आपलं नाव कुठेच नाही, ते मोठ्या अक्षरात घाला, हे सांगायला ते आले होते.

"सर, खरं सांगा," मन्साराम म्हणाला. "तिनं बोललन का यानं? तिथं परक्या मुलखात हिच्या मागं कोण उभा राहीन? सुकराम?"

आकड्यावर विश्वास नसेल तर माणसाला मोजू द्यावं. मी संगणक लावला आणि तिन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ एक दाखवले. पहिल्यात भाऊंचा आवाज ऐकून मन्सारामनं मान हलवली, म्हणजे पाहा, मी म्हटलं तेच. दुसऱ्यात तो पुढे सरकला. तिसरा संपल्यावर म्हणाला, "हाच लावा पुन्हा." इंग्रजी त्याला समजत नव्हतं. 'माय फादर' एवढं समजलं असावं, कारण तिथं तो पोरीकडे बघून पुन्हा पडद्याकडे वळला.

"ह्यात तर सुकराम नाहीच."

"नाही," मी म्हटलं.

सुकरामभाऊंना हे लागलं. "काऊन नाही? होतो मी तिथं. लुगड्यामागंच होतो."

"मंग काय करून राहिला होता?"

"गप्प बसून होतो," भाऊ म्हणाले. "सांगाचं काम कोणीही करन, मन्साराम. पोरगी अडखळून राहिली अन् आपण गप्प बसाव, हे करून पाह्य एक डाव."

मन्साराम उठला आणि पोरीला म्हणाला, "चाल. मायले सांगू. अन् जाताना आमगावात ट्रंक पाहून घेऊ."

छाया म्हणाली, "ट्रंक कायले, बाबा? थैलीत मावते माहं सगळं."

"थैली नोको," मन्साराम म्हणाला. "थैली घेऊन गेलेलं माणूस चार दिवसांत वापस येते."